नाक्यावर उभी राहिलेली माणसे



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे कारखान्याचे फाटक. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा धरू नये. आज आम्ही एला बेकर या अमेरिकन बाईंविषयी बोलणार आहोत.

त्यांचा जन्म १९०३ सालचा. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मलेली. १९२७ साली पदवी घेऊन बाई न्यूयॉर्कला आल्या आणि लवकरच महामंदी आली. १९३५ साली त्यांनी व मार्व्हेल कुक यांनी 'द क्रायसिस' मासिकात ब्राँक्समधील 'गुलामांच्या बाजारा'विषयी लिहिले. हा बाजार कसला? काळ्या बायका सकाळीच रस्त्याच्या कोपऱ्यावर येऊन उभ्या राहत. गोऱ्या गृहिणी घासाघीस करून त्यांना तासाच्या बोलीवर घरकामाला नेत. दर तासाला १५ सेंटपर्यंत उतरे. लिहिण्यापूर्वी या दोघी स्वतः त्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या होत्या. मुंबईचा मजूरनाका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. ज्याच्या घरची चूल अडली आहे, त्याला भाव करता येत नाही.

पुढे १९४३ ते १९४६ बाई 'एन. ए. ए. सी. पी.' संस्थेच्या शाखांच्या संचालक होत्या. दक्षिणेत गावोगाव हिंडून त्यांनी माणसे जोडली. त्यांचा आग्रह एकच : चळवळ पुढाऱ्याच्या खांद्यावर उभी करू नका, गावातली माणसे तयार करा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेचे काम त्यांनी केले, तेथेही हाच आग्रह. एप्रिल १९६० मध्ये शॉ विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांची परिषद बोलावली. विद्यार्थ्यांनी मोठ्या संस्थेची शाखा व्हावे असे काहींना वाटत होते. बाईंनी मुलांना स्वतंत्र राहण्याचा सल्ला दिला. 'एस. एन. सी. सी.' ही संघटना त्यातून निघाली.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमचीच लाज वाटली. एकदा आम्ही दोन महिने अंथरुणाला खिळलो. त्या काळात युनियनची एकही सभा झाली नाही. सभासदांची वही आमच्या पिशवीत आणि वर्गणीचा हिशेब आमच्या डोक्यात! लोक आम्हांला आधारस्तंभ म्हणत. खरे पाहता आम्ही दाराची कडी होऊन बसलो होतो.

आता वही तीन कामगारांकडे असते. त्यांच्या चुका होतात, पण सभा भरते. मंडळी, आपापल्या संस्थेत परत गेल्यावर एवढेच पाहा : आपण उद्या आलो नाही, तर दार कोण उघडील?