मांडव भाड्याचा, मग शेरवानी का नको?



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. आमचे शिक्षण जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी मोजता मोजता झाले. पुढचे काम वाचनालयाने केले. तेव्हा आमच्याकडून शास्त्रार्थाची अपेक्षा न ठेवता, घरातल्या एका पेटीत आमच्याबरोबर डोकवावे, एवढीच विनंती आहे.

आमच्या घरी अशी एक लोखंडी पेटी आहे. तीत आमच्या चिरंजीवांच्या लग्नातली शेरवानी आहे. ती अंगाला लागली एकदाच, फार तर चार तास. तिच्यासाठी आम्ही उधारी केली. हमालांना आणि जिनिंगमधल्या बायांना ‘उचल घेऊ नका, उचलीने माणूस बांधला जातो’ असे सांगत हिंडणारे आम्ही, आणि दुकानदाराच्या वहीत नाव आमचेच! ती उधारी फिटायला कापसाचे दोन हंगाम गेले.

आता गंमत पाहा. त्याच लग्नात मांडव भाड्याचा होता. खुर्च्या, गंज, कढया, बँड आणि घोडा, सारे भाड्याचे होते. त्याची लाज कुणाला वाटली नाही. नवरदेव भाड्याच्या घोड्यावर बसला तर शोभा, आणि भाड्याच्या शेरवानीत बसला तर नाचक्की, हा न्याय कुठला? शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या लेकराला आपण भाड्याच्या पोशाखात शिवाजीमहाराज करतो आणि कौतुकाने फोटो काढतो. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ आले तेव्हा गावोगाव लोक हात जोडून बसत. त्यातले पोशाख मुंबईच्या मगनलाल ड्रेसवाला यांचे. पोशाख भाड्याने देणे हाच त्यांचा धंदा. तेव्हा कुणी पोशाखाची मालकी विचारली नाही.

हा प्रश्न केवळ आमच्या पेटीचा नाही. २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातील कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले, आणि एक कपडा अंगावर चढण्याच्या खेपा मात्र घटल्या. स्वस्त घ्यावे, चार वेळा घालावे, फेकावे, अशी ही रीत आहे.

यावर दोन शंका आम्हांला नेहमी विचारल्या जातात. पहिली अशी की, कपडे कमी खपले तर आपला कापूस कोण घेईल? मंडळी, जगात आज जो धागा तयार होतो, त्यात अर्ध्याहून अधिक खनिज तेलापासून काढलेला पॉलिएस्टर आहे. कापसाचा वाटा चौथा हिस्सादेखील नाही. तेव्हा फेकाऊ कपड्याचा बाजार वाढला म्हणून पऱ्हाटीला भाव येतो, हा भ्रम आहे.

दुसरी शंका शिवणाऱ्या हातांची. ती आम्हांला अधिक जवळची. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक कामगार मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. कपडा मुबलक खपत होता, म्हणून त्यांचा जीव वाचला नाही. खप वाढला की मजूर सुखी होतो, असे कुठे लिहिलेले नाही.

तथापि भाडे म्हणजे रामबाण उपाय, असेही आम्ही म्हणत नाही. फिनलंडच्या संशोधकांनी २०२१ साली जीन पँटचा हिशेब मांडला. कपडा भाड्याने घ्यायचा आणि दर वेळी मोटारीने ने-आण करायची, तर हवेवर त्याचा बोजा नवी पँट घेऊन टाकून देण्यापेक्षाही जास्त पडतो, असे त्यांना आढळले. सर्वांत कमी बोजा कशाचा? आहे तोच कपडा पुष्कळ दिवस वापरण्याचा. म्हणजे रोजचा सदरा आपला असावा, आणि फाटेपर्यंत घालावा. भाड्याचा विचार चार तासांच्या कपड्यापुरता. तोही दुकान पायी जाण्याइतके जवळ असेल तर.

म्हणून आमची सूचना लहान आहे. येथल्या एखाद्या महिला बचत गटाने आठ-दहा शेरवान्या, फेटे, घागरे विकत घेऊन ठेवावेत. अनामत घ्यावी, भाडे फळ्यावर लिहावे. शिंप्याने शिवणीत माया ठेवली, तर एकच शेरवानी चार अंगांना बसेल. पण धुणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला रास्त मजुरी त्या भाड्यातूनच मिळाली पाहिजे. त्यांच्या पोटाला चिमटा काढून भाडे स्वस्त होणार असेल, तर तो धंदा आम्हांला नको.

नवरीच्या शालूबद्दल आम्ही बोलत नाही. तो ती आयुष्यभर जपते, त्याचा निर्णय तिचा. पण नवरदेवाच्या बापांनी तरी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या पेटीचे झाकण एकदा उघडावे.

आमची शेरवानी त्या गटाला पहिली देणगी म्हणून तयार आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा घालवावा लागेल. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.