दारचा आंबा आणि कोयकलम

(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तलावांच्या पाळीवर व बांध्यांच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या गावरान आंब्यांची कोणी फारशी दखल घेत नाही. कोणत्या झाडाची कैरी लोणच्यात वर्षभर करकरीत राहते, कोणत्याचा रस अधिक गोड, हे कोठे लिहून ठेवलेले नाही. ते आपणां बायकांनाच ठाऊक. असे एखादे म्हातारे झाड वादळात पडले की त्याबरोबर ती चवही गेली.

‘त्याचीच कोय लावू’ असे कोणी म्हणेल. पण मोहोरावर माश्या दुसऱ्या झाडाचा पराग आणतात. म्हणून आपल्याकडे कोयीचे झाड बहुधा आईसारखे निघत नाही. गुण हुबेहूब हवा तर कलमच हवे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्याच्या कलमांचा प्रसार झाला. हापूसचा गुण आज हजारो झाडांत टिकून आहे तो कलमामुळेच.

पूर्वी भेटकलम करीत. त्यात कुंडीतील रोप मूळ झाडाच्या फांदीशी नेऊन दोन-तीन महिने बांधून ठेवावे लागे. कोयकलम त्याहून सोपे. आंबा खाल्ल्यावर कोय धुऊन लवकर पेरावी. फार दिवस ठेवल्यास तिची उगवणशक्ती जाते. रोप सुमारे पंधरा दिवसांचे, तांबूस व कोवळे असतानाच कलम करावे. जुलै-ऑगस्ट हे महिने उत्तम, कारण हवेत ओल असते. उन्हाळ्याच्या झळांत काडी सुकून जाते.

काडी मूळ झाडाची, तीन-चार महिन्यांची, रोपाइतक्याच जाडीची, १० ते १५ सेंटिमीटर लांब व शेंड्याचा डोळा फुगलेला अशी निवडावी. आठ दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापावीत. रोप कोयीच्या वर चार-पाच सेंटिमीटरांवर छाटून मधोमध चीर द्यावी. काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करावे व चिरेत बसवावे. सालीला साल भिडली पाहिजे. खरे मर्म यातच आहे. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून रोप सावलीत ठेवावे. चाकू स्वच्छ व धारदार असावा. साधारण तीन आठवड्यांत डोळा फुटू लागतो. सांध्याखालून येणारी फूट मात्र लगेच काढावी. नाहीतर कोयीचे झाड वाढते आणि कलम मरते.

पुढच्या पावसाळ्यात कलम जमिनीत लावावे. सांधा मातीत गाडू नये. पहिली दोन-तीन वर्षे आलेला मोहोर खुडावा. त्यास जीव कचरतो खरा, पण झाडाला बळ येते. कलम चार-पाच वर्षांत फळू लागते. कोयीच्या झाडाला याच्या दुप्पट काळ लागतो.

पेरूला पावसाळ्यात गुटी बांधतात, बोरीला डोळा भरतात. त्याविषयी पुन्हा केव्हातरी बोलू.

आज एवढीच विनंती आहे. प्रत्येकीने आपल्या गावातील एक चांगले झाड हेरावे, मालकाची परवानगी घ्यावी आणि येत्या पावसाळ्यात निदान पाच कलमे बांधावीत. पाचांतील दोन जगली तरी सासरी जाणाऱ्या लेकीबरोबर माहेरच्या लोणच्याची चव पाठविता येईल.