माघारीतही सचोटी हवी

(आंतरशालेय कुस्ती स्पर्धेच्या पारितोषिक वितरण समारंभात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



बक्षीस समारंभाच्या वक्त्याने विजेत्यांचे कौतुक करावे, पराभूतांना धीर द्यावा आणि फार वेळ न घेता खाली बसावे, असा आपल्याकडे संकेत आहे. पहिल्या दोन गोष्टी मी मनापासून करतो. परंतु आज सकाळपासून कुस्त्या पाहताना निकालपत्रकावरील एका शेऱ्याकडे माझे वारंवार लक्ष जात होते. तो शेरा म्हणजे 'दुखापतीमुळे माघार'. चार कुस्त्यांपुढे तो लिहिलेला आहे. त्यांतील कोणत्याही मुलावर मला संशय घ्यायचा नाही. किंबहुना असा संशय घेण्याचे पाप माझ्या हातून एकदा घडले आहे, म्हणूनच मी या विषयावर बोलणार आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कला शाखेची पदवी घेऊन मी नुकताच वृत्तपत्रात रुजू झालो होतो. एका शालेय कुस्ती स्पर्धेच्या वार्तांकनासाठी मला पाठविण्यात आले. अंतिम कुस्तीत दोन गुणांनी मागे असलेला एक मुलगा खांदा धरून खाली बसला आणि त्याने लढत सोडली. प्रेक्षकांतून हुर्यो उठली. कुस्तीतील मला फारसे कळत नव्हते, पण लेखणी मात्र जोरात होती. 'पराभवाच्या भीतीने मैदान सोडले' असे मी लिहिले आणि ते तसेच छापून आले. आठ-दहा दिवसांनी त्या मुलाचे वडील कार्यालयात आले. धोतर, टोपी, हातात क्ष-किरण चित्राचे पाकीट. ते पाकीट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हासळीचं हाड मोडलंय पोराचं. हाड जुळंल म्हणतात डॉक्टर. पण तुमचा कागद कुणीतरी वर्गात वाचून दाखवला, तवापासनं पोरगं शाळेत जाईना." आम्ही दिलगिरीचे चार ओळींचे निवेदन आतल्या पानावर छापले. तो मुलगा पुढे आखाड्यात उतरला नाही.

दोन प्रकारचे अन्याय

मित्रहो, दुखापतीच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. दुखापत नसताना ती आहे असे सांगणे हा एक अन्याय आणि दुखापत असताना ती नाही असे मानणे हा दुसरा. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची होत नाही. पण एकाचे मूळ दुसऱ्यात आहे. खोट्या माघारी वाढल्या की खऱ्या माघारीवरचा विश्वास उडतो आणि त्याची किंमत खरोखर जायबंदी झालेले मूल मोजते.

खोटी माघार का घेतली जाते, हे आपल्यासारख्या जाणकारांना सांगायला नको. आपल्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट, त्यांत निरनिराळी वजने, आणि पुढच्या पायरीवर जातो तो पहिला आलेला मुलगा. दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे क्रीडागुण आहेत, पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण आहे. गरीब घरातल्या मुलासाठी या गोष्टी लहान नाहीत. मग एकाच तालमीतील दोन पोरे अंतिम फेरीत आली की कोणी पुढे जायचे हे मॅटवर न ठरता मॅटबाहेर ठरते आणि एकाचा गुडघा अचानक दुखू लागतो. कधी तगड्या प्रतिस्पर्ध्याकडून चितपट होण्यापेक्षा 'दुखापतीमुळे' हा शेरा बरा वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलाला ही युक्ती स्वतःहून सुचत नाही. ती त्याला कोणीतरी मोठा माणूस शिकवतो.

लाल मातीत हे चालत नसे, असे मी म्हणणार नाही. नुरा कुस्ती हा शब्द मातीतलाच आहे. पण ठरवून केलेली कुस्ती फडावरच्या जाणत्या प्रेक्षकांच्या नजरेतून सुटत नसे. खडाखडी लांबली की पंच निकालाची आठवण देत आणि लोक आरडाओरडा करीत. उलट एखाद्या पोराचा गुडघा खरोखरच धरलेला असेल, तर वस्ताद आधीच सांगत, 'आज याची जोड लावू नका.' त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

नियम काय सांगतात

मॅटवरील कुस्तीच्या नियमकर्त्यांनाही मनुष्यस्वभाव ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रक्त नाही, दिसणारी जखम नाही, तरी मल्लाने दुखापतीसाठी लढत थांबविली, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. दम घेण्यासाठी कण्हणाऱ्यांवरचा हा उपाय आहे.

अमेरिकेत शालेय कुस्तीचा पसारा फार मोठा आहे. तेथील माध्यमिक शाळांच्या नियमांत मल्लाला संपूर्ण लढतीत दुखापतीसाठी दीड मिनिट मिळते. तेवढ्यात तो उभा राहिला नाही, तर प्रतिस्पर्धी विजयी ठरतो. शाळा विरुद्ध शाळा अशा सामन्यात त्या विजयाचे सहा गुण शाळेला मिळतात. चितपटीलाही सहाच! पण याच नियमांत एक अधिक अवघड कलम आहे. प्रतिस्पर्ध्याच्या अवैध डावामुळे दुखापत झाली, तर सावरण्यास दोन मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात लढता आले नाही, तर जखमी मल्लच विजयी होतो. हे न्याय्यच आहे. दांडगाई करणाऱ्याला जिंकू कसे द्यायचे? पण विचार करा, आठ गुणांनी मागे पडलेल्या मुलाला अवैध पकडीचा थोडासा हिसका बसला आहे. उठला तर हरणार, पडून राहिला तर जिंकणार. त्या दोन मिनिटांत त्याच्या शेजारी बसलेला प्रशिक्षक त्याच्या कानात काय सांगतो, हे कोणतेही नियमपुस्तक ठरवू शकत नाही. तेथे संस्कारच कामी येतात.

त्याच देशातील आयोवा राज्यात २०११ च्या फेब्रुवारीत घडलेला एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. राज्य शालेय स्पर्धेत एका मुलाची पहिलीच कुस्ती एका मुलीशी लागली. त्या हंगामात ३५ कुस्त्या जिंकलेला तो मल्ल. मुलीशी कुस्ती करणे आपल्या धर्मश्रद्धेत बसत नाही, असे त्याचे मत होते. ते मत आपल्याला पटो वा न पटो, आपल्याकडच्या मुलींनी कुस्तीत देशाचे नाव मोठे केले आहे आणि मला स्वतःला ते पटत नाही. पण त्याने काय केले ते पाहा. मनगट मुरगळले असे सांगून सुटणे त्याला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही. त्या मुलीविषयी आदर व्यक्त करून त्याने माघारीचे खरे कारण जाहीर सांगितले आणि विजेतेपदाची संधी सोडली. आपली माघारही खरी असावी, एवढे त्या मुलाकडून निश्चित घ्यावे.

आदर लढून व्यक्त होतो

आपल्याकडे माघारीचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे आदर. २०१७ साली इंदूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोन ऑलिंपिक पदकांचे मानकरी सुशीलकुमार यांना उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम या तिन्ही फेऱ्यांत पुढे चाल मिळाली. प्रतिस्पर्ध्यांनी पाया पडून लढत सोडल्याची दृश्ये सर्वांनी पाहिली. ज्येष्ठांविषयीची श्रद्धा चांगलीच. पण महाभारतातील विराटपर्व आठवा. द्रोणाचार्य समोर आले, तेव्हा अर्जुनाने त्यांच्या पायांशी बाण सोडून आधी वंदन केले आणि मग युद्ध केले. गुरूने शिकविलेली विद्या गुरूसमोर पूर्ण शक्तीने मांडणे, ही आपल्या परंपरेतील गुरुदक्षिणा आहे. नमस्कार करून निघून जाणे ही नव्हे.

आता खऱ्या दुखापतीकडे वळतो. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत दीपक पुनिया ८६ किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर इराणचा हसन यझदानी होता. घोट्याच्या दुखापतीमुळे दीपकने ती लढत सोडली आणि रौप्यपदक स्वीकारले. वीस वर्षांच्या मल्लाला जागतिक विजेतेपदाची लढत सोडताना काय वाटले असेल, याची कल्पना करा. २०२२ मध्ये त्याच मल्लाने राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. विनेश फोगटला २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावल्याने स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. दोन वर्षांनी, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळविले. शरीराला वेळ दिला की ते परत साथ देते.

याच विनेशला २०२४ मध्ये पॅरिसला अंतिम फेरीच्या सकाळी केवळ १०० ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे बाद व्हावे लागले. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी लढताना जखमी झालेल्या मल्लाला दुसऱ्या दिवशी वजन देण्यातून सूट असते, असा नियम तेव्हा अनेकांना कळला. 'मग दुखापत झाली म्हणून सांगायचे होते, रौप्य तरी हाती राहिले असते,' असे मला कितीतरी सुशिक्षित माणसांनी ऐकविले. पदक हुकल्याचे दुःख मलाही झाले. परंतु खोटे बोलण्याचा सल्ला इतक्या सहजपणे आपल्या तोंडी येतो, याचे दुःख अधिक झाले. घरातील मुले आपले हे बोलणे ऐकत असतात.

मोठ्यांचे काम

खाशाबा जाधवांचे उदाहरण देऊन समारोपाकडे येतो. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण जपानच्या इशीशी दीर्घ झुंज दिल्यानंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. तो नियम दाखवून त्यांची बाजू मांडणारा एकही भारतीय पदाधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या अवस्थेत ते उभे राहिले आणि हरले. मल्ल स्वतः कधीही 'मी लढत नाही' म्हणत नाही, तो त्याचा स्वभावच असतो. त्याच्या वतीने बोलणारा मोठा माणूस मॅटच्या कडेला असावा लागतो.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. जखमी मुलाला 'लढतोस का?' असे विचारू नका. तो 'हो'च म्हणणार. निर्णय डॉक्टरांनी घ्यावा आणि तो लेखी असावा. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ वाढपट्ट्या असतात. त्यांना इजा झाली, तर हाताची वा पायाची वाढ कायमची बिघडू शकते. डोक्याला मार लागून भोवळ आलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मॅटवर पाठवूच नये, मग अंतिम फेरी असो वा नसो. वस्ताद मंडळींना विनंती, की एकाच तालमीतील दोन पोरांना खुशाल लढू द्या. जो हरेल त्याला कोणी हरविले हे कळेल, आणि जो जिंकेल त्याला आपण जिंकलो याची खात्री असेल. माघार घेणाऱ्या मुलाने शक्य असल्यास स्वतः येऊन प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घ्यावा. पुढे चाल मिळालेल्या मुलाने दंड थोपटत मैदानाला फेरी मारू नये. पालकांनी प्रेक्षकांत बसून हुर्यो उडवू नये. गेल्याच वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचाला लाथ मारण्यापर्यंत आणि अंतिम कुस्ती अर्ध्यावर सोडण्यापर्यंत मजल गेली आणि दोन नामवंत मल्लांवर बंदीची कारवाई झाली. हे एकाएकी होत नाही. लहान मैदानांवर आपण काय खपवून घेतो, त्याचे ते फळ असते.

आणि शेवटची विनंती माझ्या व्यवसायबंधूंना. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच लिहा. मुलाच्या मनात काय होते ते लिहू नका. ते आपल्याला ठाऊक नसते.

ज्या चार मुलांनी आज माघार घेतली, ती मुले येथे असतील तर त्यांनी मान खाली घालून बसू नये. नीट उपचार घ्या, डॉक्टर सांगतील तोवर विश्रांती घ्या आणि पुढच्या वर्षी या. तुमची कुस्ती पाहायला मी येईन. सर्व विजेत्यांचे पुन्हा एकदा अभिनंदन करतो आणि आपली रजा घेतो.