डोंगराच्या कुशीतल्या पुळणी

बंगळूर शहराला समुद्र नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर ते वसलेले आहे. असे असूनही १८९१ साली याच शहरालगतच्या यशवंतपूर येथे रेल्वेच्या कामासाठी जमीन खणली जात असता १६३ रोमन चांदीची नाणी सापडली. पुढे १९६५ साली शहराच्या दुसऱ्या टोकाला, विमानतळाच्या परिसरात, अशाच नाण्यांचा आणखी एक साठा मिळाला. ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस अशा सम्राटांच्या काळातील ही नाणी. भूमध्य समुद्राच्या काठी पाडलेले नाणे दोन हजार वर्षांपूर्वी या पठारावर येऊन पोचले, ते अर्थातच समुद्रमार्गाने. मग ते कोणत्या किनाऱ्याला लागले असेल, आणि तो किनारा त्या परक्या खलाशांना कसा दिसला असेल, हा प्रश्न सहज मनात येतो.

या प्रश्नाचे उत्तर काही अंशी तरी देणारे एक जुने पुस्तक उपलब्ध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमध्ये राहणाऱ्या आणि ग्रीक भाषा लिहिणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने खलाशांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखतात. लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. त्या काळी अलेक्झांड्रियाहून माल नाईल नदीने वर जाई, तेथून उंटांच्या पाठीवरून तांबड्या समुद्रावरील बंदरांत पोचे, आणि जुलैच्या सुमारास निघालेली जहाजे नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या बळावर भारताचा पश्चिम किनारा गाठीत. मिरी, मोती आणि तलम कापड यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता. या मार्गदर्शिकेत कोकणापासून केरळापर्यंतची बंदरे क्रमाने सांगितली आहेत, आणि मध्येच काही बेटांची नावे येतात. त्या बेटांपाशी ‘खेरसोनेसोस’, म्हणजे द्वीपकल्प, नावाची एक जागा असून तिच्या आसपास चाचे वावरतात, अशी सूचनाही लेखक देतो. हे द्वीपकल्प म्हणजे कारवार, आणि ती बेटे म्हणजे कारवारच्या समोरची अंजदीव, देवगड इत्यादी बेटे होत, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. भूमध्य समुद्राच्या काठावरील लहान-लहान आखातांत वाढलेल्या त्या खलाशांना कारवारचा किनारा पाहून काहीशी ओळख पटली असल्यास नवल नाही.

कारण पश्चिम किनाऱ्यावरील ही जागा खरोखरच वेगळी आहे. एरवी सह्याद्री समुद्रापासून दूर, पूर्वेला उभा असतो. कारवारपाशी मात्र त्याचे फाटे थेट पाण्यात उतरतात. बंगळूरहून संध्याकाळी निघालेला प्रवासी रात्री सकलेशपूरचा घाट बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत उतरतो, आणि सकाळी कारवारला पोचतो तेव्हा त्याच्या एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र असतो. मधली जमीन जणू कोणी काढून घेतली आहे. उत्तरेला काळी नदी सदाशिवगडाच्या टेकडीला वळसा घालून समुद्राला मिळते. दक्षिणेला बैतकोल, बिणगा, अरगा, पुढे बेलेकेरी, अंकोला, आणि गंगावळी नदी ओलांडल्यावर गोकर्ण. या सर्व पट्ट्यात डोंगराचा एक फाटा समुद्रात शिरतो, त्याच्या पलीकडे वाळूची एक चंद्रकोर, पुन्हा दुसरा फाटा, पुन्हा दुसरी चंद्रकोर, अशी रचना आहे. दोन भूशिरांच्या मध्ये सापडलेल्या या वाळूच्या पट्टीला तिकडचे लोक पुळण म्हणतात.

पुळण कशी तयार होते, हे समजून घेण्यासारखे आहे. भूशिराचा खडक कठीण असतो, त्यामुळे लाटांचा मारा तो अंगावर घेतो. त्यावर आपटून लाटेचा जोर मोडतो, आणि उरलेली लाट पंख्यासारखी पसरत आतल्या कुशीत शिरते. तिथे तिच्या अंगात वाळू उचलून नेण्याचे बळ उरत नाही, म्हणून ती वाळू तिथेच ठेवून परतते. पण हा हिशेब बारमाही सारखा नसतो. जून ते सप्टेंबर या काळात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस घेऊन येणारा मोसमी वारा समुद्र असा काही खवळतो की पुळणीवरची बरीचशी वाळू खेचली जाऊन आत पाण्याखाली जाते आणि किनारा अरुंद, उघडाबोडका, खडकाळ होतो. ऑक्टोबरपासून समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. जानेवारीत ऐसपैस दिसणारी पुळण ऑगस्टमध्ये जवळजवळ नाहीशी झालेली असते. एकदाच येणाऱ्या प्रवाशाला हे कळत नाही; तिथे राहणाऱ्याला मात्र ते पंचांगासारखे पाठ असते.

इथे भूमध्य समुद्राशी असलेले साम्य संपते. त्या समुद्रात भरती-ओहोटी इतकी अल्प असते की अनेक ठिकाणी ती ध्यानातही येत नाही. कारवारला उधाणाच्या भरतीत पाणी दोन मीटरच्या आसपास चढते. तिकडचे प्राचीन खलाशी हिवाळ्यात समुद्र ‘बंद’ मानीत. इकडे समुद्र पावसाळ्यात बंद होतो, आणि नारळी पौर्णिमेला त्याला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी पाण्यात घालायची नाही असा रिवाज आहे. आज यांत्रिक नौकांना जून आणि जुलैमध्ये सरकारी बंदी असते. रिवाज आणि कायदा दोघेही एकाच समुद्राकडे पाहून ठरले आहेत.

ज्यांनी हे ऋतुमान ओळखले नाही, त्यांची या किनाऱ्याने मोठी किंमत वसूल केली. १४९८ साली वास्को द गामाने परतीच्या वाटेवर अंजदीव बेटाच्या आडोशाला जहाजे दुरुस्त करून घेतली, ती योग्य ऋतूत; त्याचे निभावले. पण १६६२ साली मुंबई बेट ताब्यात घेण्यासाठी इंग्लंडहून आलेल्या सर अब्राहम शिपमन याच्या फौजेला पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट देण्याचे नाकारले, आणि दुसरा थारा न मिळाल्याने ती फौज अंजदीववर उतरली. तिथे तिने पावसाळे काढले. ओलावा, ताप आणि अन्नाचे हाल यांत माणसे पटापट मेली. स्वतः शिपमन १६६४ साली तिथेच वारला. फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबई अखेर इंग्रजांच्या हाती आली, तेव्हा आलेल्या काहीशे सैनिकांपैकी शंभराच्या आसपासच उरले होते. मुंबईच्या इतिहासाचे पहिले पान असे कारवारसमोरच्या एका बेटावर लिहिले गेले. याच महिन्यात, ज्या शहाजीराजांची जहागीर बंगळुरास होती त्यांचे पुत्र शिवाजी महाराज बसरूरची मोहीम आटोपून गोकर्ण, अंकोला या मार्गाने कारवारला आले होते. शहरातील व्यापाऱ्यांकडून खंडणी वसूल झाली. इंग्रज वखारीलाही आपला वाटा द्यावा लागला. ज्याच्याकडे आरमार आहे त्यालाच या आडोशांचे खरे मोल कळते, हे त्या मोहिमेने दाखवून दिले.

पुढे १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात आला, आणि १९५६ पर्यंत कारवारचा कारभार मुंबईकडे राहिला. त्यामुळे इथल्या अनेक घरांत कोकणी बोलली जाते, मराठी वाचली जाते आणि कानडीत व्यवहार होतो. याच काळात, १८८३ साली, बावीस वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर आपले बंधू, जिल्हा न्यायाधीश सत्येंद्रनाथ यांच्याकडे कारवारला राहिले. चांदण्या रात्री होडीतून काळी नदीत केलेल्या सफरीची आठवण त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवून ठेवली, आणि ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी इथेच लिहिले. कारवारच्या मोठ्या किनाऱ्याला आज त्यांचेच नाव आहे.

खलाशाने आडोसा पाहिला, सेनानीने ठाणे पाहिले, कवीने चांदणे पाहिले. पण या पुळणीवर रोज उभा असणारा माणूस आणखी काही पाहत असतो. तो पाण्याचा रंग पाहतो. शांत पाण्यावर एखादा गडद, हलता डाग दिसला की बांगड्यांचा किंवा तारल्यांचा थवा आत आला आहे हे तो ओळखतो आणि हाळी देतो. मग रापण टाकली जाते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. त्याचे एक टोक किनाऱ्यावर राहते, होडी अर्धवर्तुळ घेत जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक पुळणीच्या दुसऱ्या बाजूला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळे तासन् तास ओढले जाते. जाळ्याचे तुकडे अनेक घरांच्या मालकीचे. म्हणून मासळीचे वाटेही अनेक घरांचे. ओढायला हात लावणाऱ्यालाही चार मासे मिळतातच. मासळी अफाट आली तर ती जाळ्यात तशीच जिवंत कोंडून ठेवीत आणि लागेल तशी काढीत. या कामाला दोन गोष्टी अत्यावश्यक असत: भूशिरांच्या आड शांत राहिलेले पाणी, आणि जाळे ओढायला मोकळी वाळू. पुळणीने या दोन्ही पुरवल्या. प्रवाशाला ‘निर्जन’ आणि ‘रिकामी’ वाटणारी वाळू गावाच्या दृष्टीने कधीच रिकामी नव्हती. शेतकऱ्याचे खळे पीक नसताना रिकामे दिसते, तसे ते रिकामेपण होते.

गेल्या पन्नास वर्षांत या खळ्याला अनेक धनी झाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्ससीन जाळी लावणाऱ्या यांत्रिक नौका आल्या आणि थवा किनाऱ्याला येण्यापूर्वीच खोल पाण्यात वेढला जाऊ लागला. रापणीचा ऱ्हास सुरू झाला. १९८६ साली आरमारी तळाची कोनशिला बसली, आणि २००५ मध्ये ‘आयएनएस कदंब’ कार्यान्वित झाला. जो आडोसा प्राचीन खलाशाला हवा होता तोच आधुनिक आरमारालाही हवा होता. खोल पाणी, पाठीशी डोंगर, पुढे बेटे. १९६१ साली याच अंजदीव बेटावर उतरताना भारतीय नौदलाचे सात जण कामी आले होते. त्या बेटाचे संरक्षणमूल्य कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. आता ते बेट लाटारोधक बांधाने किनाऱ्याशी जोडले गेले आहे. राष्ट्राची गरज खरी होती, आणि त्यासाठी ज्या हजारो कुटुंबांना किनारा सोडून आत जावे लागले त्यांचे नुकसानही तितकेच खरे होते. अरग्यासारख्या पुळणी तळाच्या कुंपणाआड गेल्या. शहरालगतचा किनारा तेवढा मोकळा राहिला, म्हणूनच २०२० साली व्यापारी बंदराच्या विस्ताराचे काम सुरू होताच मच्छीमार रस्त्यावर आले आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. बाहेरच्याला तो एका बांधाविरुद्धचा हट्ट वाटला असेल; पण एकामागून एक पुळणी गेल्यावर उरलेल्या शेवटच्या पुळणीचा तो प्रश्न होता.

दक्षिणेला गोकर्णापाशी आणखी एक धनी आला, तो म्हणजे सुट्टीवरचा प्रवासी. कुडले, ओम, अर्धचंद्र आणि त्यापलीकडची पुळण, अशी डोंगराच्या पायवाटेने एकीतून दुसरीत उतरत जाण्याची वाट आहे. मधोमध खडक आणि दोन्ही अंगांना वाळूच्या कमानी असल्याने एका पुळणीला ओमकाराचे नाव मिळाले. शनिवार-रविवारी बंगळूरहून आलेल्या तरुणांनी या वाटा गजबजतात. त्यांनी यावे हे चांगलेच; चालत गेल्याखेरीज किनारा कळत नाही. ओहोटीची वेळ विचारून भूशिराच्या पायथ्याने जावे, भरतीत वरच्या पायवाटेने यावे, पाण्याला ओढ असलेल्या जागी उतरू नये, इतके तिथला कोणीही कोळी सांगेल. त्याने नको म्हटले तर ऐकावे. जानेवारी २०१९ मध्ये कूर्मगड बेटावरील नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी एक होडी उलटून १६ जणांचा मृत्यू झाला. समुद्र शांत असण्याचा तो ऋतू होता. तेव्हाही हे पाणी खेळण्याचे नसते.

यशवंतपूरला सापडलेली ती नाणी ज्या खलाशांच्या हातून आली त्यांनी या किनाऱ्यावर बहुधा फार दिवस काढले नसतील. मिरी भरली, वारा फिरला, ते गेले. तरीही त्यांच्यापैकी एकाने बेटे मोजली, भूशिर ओळखले आणि मागून येणाऱ्यासाठी ते लिहून ठेवले. त्याच स्थानकावरून आज कारवारकडे निघणाऱ्या प्रवाशाने निदान तेवढे तरी करावे: पुळणीचे नाव विचारावे, तिथे कोणाची रापण लागत असे ते विचारावे, आणि ती नावे आपल्याबरोबर परत न्यावीत. ज्या किनाऱ्याचे नाव आणि धनी चार माणसांना ठाऊक आहेत, तो किनारा रिकामा आहे असे म्हणणे मग कोणालाही तितके सोपे राहत नाही.