जोर वाढला की घट्ट धरणारा जंतू

आज जरा खासगी विषय आहे, पण रेडिओ बंद करू नका.

कापूस वेचणीला किंवा खुरपणीला गेलं की आपण पाणी कमी पितो. आडोसा नाही, बाप्ये शेजारच्या वावरात, मग जायचं कुठं? आणि मग उन्हाळी लागते. जळजळ, सारखं सारखं जाणं, ओटीपोटात दुखणं. कधी तो नुसता उष्मा असतो, पण पुष्कळदा आत जंतू गेलेला असतो. बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा. आपल्याच आतड्यात राहणारा. बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणून त्याला आपल्याकडं वाट सोपी.

गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, लघवीच्या धारेनं जंतू धुऊन कसा जात नाही? हाच प्रश्न अमेरिकेतल्या सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वेंडी थॉमस या बाईंनी पीएच.डी.साठी अभ्यासला. जंतूच्या अंगावर बारीक केस असतात. केसाच्या टोकाला एक चिमटा. हा चिमटा आपल्या पेशीवरची मॅनोज नावाची साखर पकडतो. त्यांनी जंतूंच्या थरावर तांबड्या रक्तपेशी सोडल्या आणि वरून द्रव वाहता ठेवला. वाहणं हळू होतं तेव्हा पेशी घरंगळत राहिल्या. जोर वाढवला, तर जागच्या जागी चिकटल्या! हे 2002 साली छापून आलं.

गोखरू पदराला लागला तर ओढला की निघतो. हे उलटंच. विहिरीत बादली सोडताना आपण फासाची गाठ मारतो ना, भार आला की आवळते, सैल सोडली की सुटते. तशी ही पकड. ताण आला की चिमट्याचा आकारच बदलतो. शिवाय तो केस स्प्रिंगसारखा वेटोळा असतो, ओढला की लांबतो, आणि झटका सोसून घेतो.

मग पाणी पिऊन उपयोग काय, असं म्हणू नका. धरलेले धरून राहिले तरी सुटे जंतू वाहून जातात. वारंवार हा त्रास होणाऱ्या 140 बायकांवर अभ्यास झाला, तो 2018 साली छापला. त्यांतल्या निम्म्या जणी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्या. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा.

पण लागण झालीच तर धणे-जिऱ्याच्या पाण्यावर थांबू नका. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीत रक्त, किंवा गरोदर बाई असेल तर त्याच दिवशी दवाखाना. गोळ्या दिल्या तेवढ्या दिवस घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी.

राहिला आडोशाचा प्रश्न. पुढच्या बैठकीत आम्ही जुन्या साड्या आणि चार बांबू घेऊन येतोय. वेचणीच्या टोळीबरोबर हलवता येईल असा आडोसा शिवायचा आहे. सुई-दोरा ज्यांच्याकडं आहे त्यांनी आणा.