जिल्ह्याएवढं आकाश



मराठवाड्यात रेडिओ आला तो निजामाच्या राजवटीत. १९५० साली हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं आकाशवाणीकडे आली. पण औरंगाबादचं केंद्र काही वर्षांतच बंद पडलं. पुढे १९६८ मध्ये परभणी केंद्र सुरू झालं आणि आपल्या भागाला पुन्हा आवाज मिळाला. मध्यम लहरींवरचं हे केंद्र दूरवर पोहोचायचं. रात्री मात्र लांबची केंद्रं त्यात मिसळायची, खरखर वाढायची.

१९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोविलला आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र निघालं. नव्वदच्या दशकात बीड, नांदेड आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, इथेही एफएमवरची स्थानिक केंद्रं आली. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. त्यामुळे पल्ला साधारण जिल्ह्यापुरता. पण हा तोकडा पल्लाच कामी आला. ऐकणारे आसपासचे, तेव्हा बोलणारेही आसपासचेच हवेत. गावची भजनी मंडळं, शाहीर, शेतकरी, शिक्षक माइकसमोर येऊ लागले.

मी तेव्हा बी.ए. झालेला, कविता करणारा पोरगा. घरात दखनी, बाहेर मराठी. अशाच एका केंद्रावर ध्वनिमुद्रणाला गेलो आणि घासूनपुसून पुस्तकी मराठीत वाचू लागलो. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी थांबवलं. म्हणाले, "आपले श्रोते इथलेच आहेत. बाजारात बोलता तसं वाचा ना!" मी ती कविता बाजूला ठेवली आणि बोलीत लिहिलेली, कुणाला न दाखवलेली एक कविता वाचली.

प्रसारणाच्या दिवशी अम्मी रेडिओजवळ बसली होती. तोवर माझी एकही कविता तिला उमगली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "सब समज में आया रे." त्यानंतर मी माझा हेल कधी लपवला नाही.

आज मोबाइलवर आकाशवाणीची कितीतरी केंद्रं जगात कुठेही ऐकता येतात. आनंद आहे. पण सगळ्यांना ऐकू जायचं म्हणून सगळ्यांसारखंच बोलायचं ठरलं, तर पल्ला वाढेल आणि आपलं माणूस हरवेल. म्हणून एक विनंती. तुमच्या घरात ओव्या म्हणणारी आजी असेल, तर जवळच्या केंद्राला कळवा. तिला माइकसमोर न्या. तिचा आवाज दुसऱ्या कुठल्या शहरातून येणार नाही.