सासूबाईंचा कंप आणि खाजकुयली



मी सातवी शिकलेली बाई, डॉक्टरांच्या संशोधनावर काय बोलणार! पण सासूबाईंचा हात हलू लागला, तेव्हा वढूत कुणी वय म्हणाले, कुणी बाहेरचे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, हा पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते. अमेरिकेत डॉ. कोत्झियास यांनी १९६७ साली लेव्होडोपा भरपूर मात्रेत देऊन जखडलेली माणसे चालती केली.

गंमत अशी, की हेच लेव्होडोपा कुंपणावर चढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत असते. मद्रासच्या शास्त्रज्ञांनी ते १९३७ सालीच वेगळे काढले होते. १९७८ साली मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी त्या बिया रुग्णांना देऊन गुण आल्याचे लिहिले. म्हणून घरी बिया कुटून कुणाला देऊ नका हं; त्यातले औषधाचे माप चमच्याने कळत नाही.

चूक माझीच झाली. गोळी मी दुधाबरोबर देई, आणि सासूबाई तशाच ताठ! दुधातल्या प्रथिनांनी औषध अडते, हे कळायला सहा महिने गेले. आता जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. परवा त्यांनी लुगड्याच्या निऱ्या स्वतः केल्या.